अनोळखी माणसांचे फोटो आणि त्यांच्याशी गप्पा: सांगली-सातारा परिसर

कृष्णाकाठ

आपल्याकडे कॅमेरे भरपूर झाले. कासची फुलं, अजिंक्यताऱ्यावरची सकाळ, आयर्विन पुलाखालचा पूर यांचे फोटो उदंड आहेत. माणसांचे फोटो मात्र बहुतेक लांबून टिपलेले, पाठमोरे, नाहीतर समोरच्याला पत्ता लागू न देता काढलेले. हा धागा उलट पद्धतीसाठी काढला आहे. अनोळखी माणसापाशी जायचं, बोलायचं, विचारायचं आणि मग समोरून फोटो काढायचा. फ्लिकरवर अशाच पद्धतीने शंभर अनोळखी माणसांचे फोटो काढण्याचा उपक्रम बरीच वर्षं चालला आहे. त्याच्या अटी साध्या: माणूस खरोखर अनोळखी हवा, त्याचा होकार हवा आणि त्याच्याविषयी थोडं तरी कळलेलं हवं. तिसरी अट सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाची.

सुरुवात सांगलीच्या मार्केट यार्डापासून करतो. हळदीची आवक साधारण फेब्रुवारी ते मे या काळात जोरात असते. सौदा चालू असताना कुणाशीच बोलायला जायचं नाही. शेतकऱ्याचं वर्षाचं पीक त्या चार मिनिटांत ठरत असतं, त्याचा जीव दरात अडकलेला असतो. सौदा झाला की वजन होऊन पट्टी (हिशोबाची पावती) हातात पडेपर्यंत तो पोत्यांवर बसून असतो. बोलायची खरी वेळ ती. हमालांशी बोलायचं तर गाडी भरून झाल्यावर, चहाला बसतील तेव्हा. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाला हाक मारून थांबवणं धोक्याचं आहे, त्याचा तोल जातो.

'काका, फोटो काढू का?' हे पहिलं वाक्य असेल तर उत्तर 'कशाला?' असंच येणार, आणि ते रास्त आहे. पहिलं वाक्य त्याच्या मालाविषयी हवं. 'राजापुरी का सेलम?' 'उकडून वाळवायला किती दिवस लागले?' 'पॉलिश कुठं केलं?' या प्रश्नांना त्याच्याकडे पक्की उत्तरं असतात आणि ती द्यायला आवडतात. यंदा पाऊस कसा झाला हेही चालतं, पण ते सगळेच विचारतात.

कॅमेरा गळ्यात दिसेल असा ठेवा. पिशवीत लपवून ठेवला आणि ओळख झाल्यावर बाहेर काढला, तर गप्पा मारल्या त्या यासाठीच का, असं समोरच्याला वाटतं.

तांत्रिक बाजू: फुल फ्रेमवर (मोठा सेन्सर) ५० मिमी लेन्स, क्रॉप सेन्सरवर (छोटा सेन्सर) ३५ मिमी. अंतर दीड मीटर. फुल फ्रेमवर ५० मिमी, एफ १.८ आणि दीड मीटर अंतर धरलं तर स्पष्ट पट्टा जेमतेम १० सेंटीमीटरचा मिळतो. डोळ्यांवर फोकस धरला की कान पुसट होतात. एफ ४ वर तोच पट्टा २१-२२ सेंटीमीटर होतो, डोळ्यांपासून कानापर्यंत सगळं येतं. मागची पोती तरीही पुरेशी मऊ दिसतात. शटर १/२५० च्या खाली नको, बोलता बोलता मान हलते.

आणि यार्डात लेन्स बदलू नका. हळदीची भुकटी इतकी बारीक असते की सेन्सरवर बसली तर आभाळाच्या प्रत्येक फोटोत डाग दिसतील. तोंडाने फुंकर तर मारूच नका, थुंकीचा शिंतोडा बसला की भुकटी तिथेच चिकटते. रबरी ब्लोअर, कॅमेऱ्याचं तोंड खाली.

नवशिका

उत्तम धागा. माझ्याकडे फक्त फोन आहे. फोनने असे पोर्ट्रेट नीट येतात का? आणि समोरच्याने 'हे काढून काय करणार?' असं विचारलं तर नेमकं काय सांगायचं?

यवतेश्वर

नवशिका, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथेच सगळं बिनसतं.

उत्तर घरून ठरवून जा. एका वाक्यात आणि खरं. 'मी हौसेने माणसांचे फोटो काढतो, काढलेला फोटो तुम्हाला आणून देतो.' एवढं पुरे. इन्स्टाग्रामवर टाकणार असाल तर तेही तिथेच सांगा, आणि नको म्हणाले तर टाकू नका. 'प्रोजेक्ट आहे', 'डॉक्युमेंटेशन आहे' असे शब्द वापरलेत की समोरचा तुम्हाला सरकारी माणूस समजतो. वही हातात असेल तर खात्रीच पटते. घरकुलाचं अडलंय, पेन्शन बंद झालीय असं सांगायला लागतात, आधार कार्डही काढून दाखवतात. अशा वेळी लगेच थांबवून सांगायचं, 'मी सरकारी नाही, पेपरवालाही नाही, माझ्याकडून हे काम होणार नाही.' खोटी आशा लावून काढलेला फोटो नको.

हाक मारण्याचंही सांगतो. साताऱ्यात मोती चौक, राजवाडा, पोवई नाका या भागात काका, मावशी, दादा, ताई सर्रास चालतं. खेड्यात वयस्कर माणसाला आबा, तात्या, अण्णा. बाईला मावशी किंवा आक्का. 'वहिनी' टाळा, तुम्ही कुणाचे भाऊबंद हे त्यांना माहीत नसतं. तालमीतल्या पोराला पैलवान म्हटलं की ताठ बसतो. वारीत सगळेच माउली. आणि 'पाव्हणं कुठलं?' असं तुम्हालाच विचारलं जाईल, त्याचं सविस्तर उत्तर द्या. गाव सांगा, आजोळ सांगा. तुमची ओळख पटल्याशिवाय त्यांची मिळणार नाही.

माजी सैनिक साताऱ्यात गावोगाव आहेत. अपशिंगे गावाला तर अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. तिथे पहिला प्रश्न एकच: 'पलटण कुठली?' पुढे तुम्हाला फार बोलावं लागत नाही. युद्धात काय पाहिलं हे मात्र आपण होऊन विचारू नका. ते सांगायचं असेल तर तेच काढतील.

आता फोन. मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीच्या दृष्टीचा असतो. चेहरा फ्रेमभर यावा म्हणून त्याने जवळ जाता, अर्ध्या मीटरवर येता, आणि नाक मोठं, कान मागे गेलेले असा चेहरा येतो. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. २एक्स लावा आणि सव्वा मीटरवर उभे राहा. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि प्रकाश लॉक होईल, मग सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढा. ब्युटी मोड शोधून बंद करा, काही फोनमध्ये तो आधीपासून चालू असतो. सत्तर वर्षांच्या आजीच्या सुरकुत्या पुसून टाकणारा फोटो तिचा नव्हेच.

द्राक्षवेल

फोनमध्ये पोर्ट्रेट मोड लावणाऱ्यांसाठी भर घालते. मागचं पुसट करण्यासाठी फोन माणसाची कड अंदाजाने कापतो. नथीचा आकडा, बुगडी, फेट्याचा तुरा, पदराची झालर, उडणारे केस इथे तो चुकतो. बुगडी अर्धी पुसली जाते आणि कानाची पाळी तुटल्यासारखी दिसते. बायकांच्या फोटोत हे हमखास होतं. मोड वापरायचाच असेल तर आतला आकडा एफ ४ ते ५.६ वर आणा आणि फोटो तिथल्या तिथे मोठा करून कान-नाक तपासा.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. तासगाव, सांगली भागात बेदाणा निवडायला मोठ्या संख्येने बायका असतात. शेडच्या मालकाने 'काढा की हो फोटो' म्हटलं म्हणजे बायकांनी होकार दिला असं होत नाही. मालक उभा असताना त्या नाही म्हणूच शकत नाहीत. म्हणून मालकाला विचारायचं ते आत येण्यासाठी. बायकांना वेगळं, जेवणाच्या सुट्टीत, मालक नसताना विचारायचं. घोळक्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईशी आधी बोला. ती हसून बोलायला लागली की बाकीच्या आपोआप सैल होतात. तरीही होकार एकेकीचा वेगळा घ्या. एखादी पदर पुढे ओढते, मान फिरवते, तो नकारच. 'अहो घ्या की, छान येतोय' असं म्हणून आग्रह करू नका.

चेहरा नको म्हणाली तर हात चालतील का, असं विचारता येतं. निवडणाऱ्या हातांची गती बघण्यासारखी असते: तळहाताने ढीग पसरायचा, चिमटीने काडी आणि काळा मणी बाजूला, बाकीचा पुढे सरकवायचा. १/६० ला बोटं पुसट येतात आणि बेदाणे स्पष्ट राहतात. १/५०० ला सगळं गोठतं. दोन्ही काढा, मला पहिलं जास्त खरं वाटतं.

पुरुषांनी एकट्याने जाऊन शेतात एकट्या बाईचा फोटो मागू नये, मग हेतू कितीही स्वच्छ असो. बरोबर बहीण, बायको, मैत्रीण न्या. आणि फोटो टाकताना फाइलमधलं ठिकाण काढून टाका. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये लोकेशन बंद केलं की नव्या फोटोत ते येतच नाही. बाईच्या फोटोखाली गाव, मळा, कामाची वेळ हे तिन्ही एकत्र लिहू नका.

कंदील

सगळं मान्य, पण एक प्रामाणिक हरकत आहे. विचारून काढलेले फोटो ताठ येतात. विचारलं की माणूस शर्टाची बटणं लावतो, टोपी सारखी करतो, हात गुडघ्यावर ठेवतो आणि आधार कार्डासारखं बघतो. विचारण्याआधी जो चेहरा होता तो गेलाच. मग आधी काढून नंतर परवानगी घेतली तर काय बिघडतं? नको म्हणाले तर डिलीट करायचा.

कृष्णाकाठ

कंदील, हरकत बरोबर आहे, उपाय पटत नाही. आधी काढून मग विचारलं की समोरच्याच्या हातात फक्त नकार उरतो, आणि तोही आपण दिलेला. शिवाय पहिल्याच क्षणी आपण त्याच्या नकळत काहीतरी घेतलेलं असतं, पुढच्या गप्पा त्यावर कशा उभ्या राहणार?

ताठपणाचं म्हणाल तर तो ताठ फोटोही काढा, आणि मन लावून काढा. त्या माणसाला आपला जो फोटो हवा आहे तो तोच आहे. घरात भिंतीवर तोच लागणार. टोपी सारखी करू द्या, मिशीवर हात फिरवू द्या. दोन-तीन फ्रेम घ्या आणि लगेच स्क्रीनवर दाखवा. स्क्रीन बघताना माणूस सैलावतो, शेजारचा काहीतरी बोलतो, हसू फुटतं. कॅमेरा खाली न ठेवता मघाचा प्रश्न पुढे चालू करा: 'मग त्या साली दर काय मिळाला म्हणालात?' उत्तर देताना चेहऱ्यावर जे येतं तो तुमचा दुसरा फोटो. परवानगी आहे, कॅमेरा दिसतोय, चोरून काहीच नाही.

काही बारकावे. तो बसला असेल तर तुम्हीही बसा. उभं राहून खाली बघत काढलेल्या फोटोत माणूस लहान आणि दबलेला दिसतो. फोकस लावण्यात वेळ घालवू नका, डोळ्यावर फोकस धरणारी सोय चालू ठेवा, म्हणजे तुम्हाला त्याच्याकडे बघत बोलता येतं. दर क्लिकनंतर स्क्रीनमध्ये डोकं घातलं की संवाद तुटतो. 'स्माइल' म्हणू नका. 'हसा' तर अजिबात नको. 'इकडं बघून सांगा की' एवढं बोला.

कंदील

पहिला फोटो त्यांचा, दुसरा आपला, हे पटलं. पण रस्त्यावरचे गर्दीचे, बाजाराचे, मिरवणुकीचे फोटो विचारत बसून होणारच नाहीत. ते वेगळे धरावेत.

कृष्णाकाठ

हो, ते वेगळेच. गर्दीचा फोटो गर्दीचा असतो. त्यातला एक चेहरा कापून मोठा करून टाकलात, की तो पुन्हा एका माणसाचा फोटो झाला.

मिरजवाला

मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे जाणाऱ्यांसाठी लिहितो. सतारमेकर गल्लीतली दुकानं अरुंद, खोल आणि ट्यूबलाइट-एलईडीच्या उजेडातली असतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याविषयी विचारून वेळ घालवू नका, ते बातम्यांत मिळतं. हाताखाली जे चाललंय त्याचं विचारा. भोपळा कुठून आला, किती दिवस वाळवला, दांडीला लाकूड कोणतं, पडदे कोण बांधतं. तून लाकूड का, हे विचारलंत तर दहा मिनिटं ऐकायला मिळेल.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कारागीर जवारी काढत असताना एक शब्दही बोलू नका. घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) माथा कानसेने किंचित घासायचा, तार परत चढवायची, छेडायची, ऐकायची, पुन्हा घासायचा. तारेचा झंकार मोकळा होतोय की चिरका, हे तो कानाने ठरवतो. हात कानसेवर असले तरी काम कानांचं आहे. आपला प्रश्न तर सोडाच, शटरचा खटकासुद्धा त्यात खडा टाकतो. अशा वेळी बसून ऐका. कानस खाली ठेवली की मग बोला. त्याला कळतं की तुम्हाला थांबायचं कळलं, आणि तिथून पुढचं बोलणं वेगळ्या पातळीवर जातं.

शटरचा आवाज नको म्हणून लोक सायलेंट शटर लावतात आणि फोटोत आडवे काळे पट्टे येतात. कारण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही मंद क्षणात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, बहुतेक पट्टे जातात. हात स्थिर नसेल तर कोपर गुडघ्यावर टेकवा. आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत बिनधास्त न्या, किंचित दाणे आले तरी चालतील. फ्लॅश मात्र नको, पॉलिश केलेल्या भोपळ्यावर पांढरा ठिपका पडतो.

सगळ्यात चांगला उजेड दुकानाच्या उंबऱ्याशी मिळतो. ट्यूब बंद करायला सांगू नका, त्यांचं काम चालू असतं. 'हे वाद्य जरा उजेडात दाखवता का?' म्हटलं की ते आपण होऊन दाराशी येतात. वाद्याबरोबर माणूसही उजेडात येतो, अवघडतही नाही, कारण लक्ष वाद्याकडे असतं.

नवशिका

मिरजवाला, फोनवर १/५० कसं लावायचं?

मिरजवाला

फोनच्या कॅमेऱ्यात 'प्रो' मोड असेल तर तिथे शटरचा आकडा हाताने निवडता येतो. नसेल तर सेटिंगमध्ये 'अँटी फ्लिकर' किंवा 'अँटी बँडिंग' असा पर्याय काही फोनांत असतो, तो ५० हर्ट्झवर ठेवा.

माणदेशी

उजेडावरून सांगतो, आठवडी बाजारात निळी, पिवळी, हिरवी ताडपत्री असते. खाली बसलेल्या माणसाचा चेहरा त्याच रंगाचा होतो. डोळ्याला ते जाणवत नाही, फोटोत उठून दिसतं. नंतर कॉम्प्युटरवर व्हाइट बॅलन्स सुधारला तर चेहरा ठीक होतो, पण ताडपत्रीबाहेरचं सगळं उलट्या रंगाने रंगतं. उपाय एकच: माणूस ताडपत्रीच्या कडेला हवा, फूट-दीड फूट आत, तोंड बाहेरच्या बाजूला. समोरचं मोकळं आभाळ चेहरा उजळवतं आणि डोळ्यात चमक येते. पण बाजारात कुणाला जागेवरून उठवू नका, गिऱ्हाईक जातं. आपल्याला हवा तसा जो बसलाय त्याच्याकडे जा. आणि आधी काहीतरी विकत घ्या, पावशेर मिरच्या का होईना. गिऱ्हाईक आलं की बाजूला सरा.

पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि मागे काळोखं दुकान असेल तर कॅमेरा काळोख बघून फोटो उजळवतो आणि टोपी पांढऱ्या कागदासारखी सपाट होते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) -०.७ द्या. वारीत याच्या उलट: फ्रेमभर पांढरे कपडे, कॅमेरा सगळं राखाडी करतो, तिथे +०.७.

वारीचंच सांगायचं तर ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून साताऱ्यात येते, लोणंदला मुक्काम, पुढे चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण, मग तरडगाव, फलटण, बरड. रिंगणाला माणसांशी बोलणं होत नाही, तिथे फक्त गर्दी मिळते. बोलणं होतं ते दुपारच्या विसाव्याला, झाडाखाली, पाय चेपत बसलेले असतात तेव्हा. 'माउली, कितवी वारी?' या प्रश्नाने सुरुवात होते. दिंडी कुणाची, नंबर कितवा, हे लिहून घ्या. पुढे फोटो पोचवायला दिंडीप्रमुखच उपयोगी पडतात. पायांचे भेगाळलेले तळवे काढायची फॅशन आहे. विचारल्याशिवाय ते तरी काढू नयेत असं माझं ठाम मत आहे. झोपलेल्या माणसाचा फोटो तर नकोच.

धनगरांकडे जाताना मेंढरांच्या कळपातून जायचं नाही, कळप फुटतो. कुत्री आधी अंगावर येतात. लांबूनच राम राम घाला, थांबा, मेंढका कुत्र्यांना बोलावेल तेव्हा पुढे व्हा. माण-खटावचे धनगर पावसाळा सरल्यावर मेंढरं घेऊन बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे 'या खेपेला कुठवर जाऊन आलात?' हा प्रश्न नेमका बसतो. फेट्याची सावली डोळ्यांवर पडते, अकरानंतर तर डोळे दिसतच नाहीत. हनुवटी वर करा म्हटलं तर माणूस अवघडतो. डोंगराकडे बोट दाखवून 'तिकडं चारा हाय का?' विचारा, मान आपोआप वर होते.

ऊसतोड कामगारांना फडात गाठू नका. कोयता चालू असताना त्यांना दम घ्यायला फुरसत नसते आणि मुकादमाचं लक्ष असतं. कारखान्याच्या गाडीतळावर बैलगाड्या नंबराला लागलेल्या असतात, तिथे तासन्‌तास थांबावं लागतं, तिथे बोला. गाव कुठलं, घरी मागे कोण, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) कुणाला विकता. कोपीच्या आत डोकावायचं नाही, ते त्यांचं घर आहे.

द्राक्षवेल

माणदेशी, +१. लहान मुलांबाबत लिहायचं राहिलं. पोरं आपण होऊन कॅमेऱ्यापुढे उड्या मारतात, तो होकार नव्हे. आई किंवा बाप समोर हवा, त्यांनी हो म्हणायला हवं. मुलाचं नाव आणि शाळा फोटोखाली लिहू नये.

कंदील

पैशाचं काय? फोटो काढल्यावर काही जण मागतात.

माणदेशी

वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाले, बहुरूपी यांचं पोटच लोकांपुढे उभं राहण्यावर आहे. त्यांना आधी द्या, मग बोला. ते फोटोचे पैसे नव्हेत, त्यांच्या कलेची बिदागी आहे. बाकी कुणाला फोटोच्या बदल्यात पैसे दिलेत की पुढच्या वेळी होकार खरा आहे की गरजेपोटी, हे कळायला मार्ग राहत नाही. त्यांना फोटोची प्रत द्या.

यवतेश्वर

कायद्याचं थोडक्यात, कारण यावर गैरसमज फार आहेत. रस्ता, चौक, बाजार अशा सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी नाही. दुकान, कारखाना, मंदिर, दर्गा ही दुसऱ्याच्या ताब्यातली जागा, तिथे त्यांचा नियम चालतो. स्त्रीच्या खासगी क्षणाचं चित्रण हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ पाहा (संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे). आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याकडे राहतो म्हणून तो फोटो जाहिरातीत वापरायला मोकळीक मिळते असं नाही. मसाल्याच्या पाकिटावर कुणाचा चेहरा छापायचा असेल तर मराठीत लिहिलेली, त्याला वाचून दाखवलेली आणि सही किंवा अंगठा असलेली परवानगी घ्या.

पण कायदा काढू देतो म्हणून भर बाजारात वाद घालू नका. कुणी डिलीट करा म्हटलं तर त्यांच्यासमोर करा, आणि 'नुकतेच हटवलेले' या फोल्डरमधूनही काढून दाखवा.

नवशिका

बोललेलं लिहून कधी घ्यायचं? समोर वही काढली की सरकारी माणूस समजतात, असं वर आलंच आहे.

यवतेश्वर

बोलणं संपवून शंभर पावलं पुढे गेलात की लगेच लिहा, रात्रीवर ठेवू नका. नाव, गाव, काम आणि त्यांचं एक तरी वाक्य त्यांच्याच शब्दांत. माणदेशी बोली किंवा मिरजेची दख्खनी शुद्ध करून लिहू नका, पण विनोदासाठी तिखटमीठही लावू नका. आवाज रेकॉर्ड करायचा तर त्याची परवानगी वेगळी मागायची, फोटोचा होकार त्याला पुरत नाही. आणि नाव छापू का, हे निघताना शेवटी विचारा. सुरुवातीला विचारलं तर चौकशी वाटते.

कृष्णाकाठ

आता फोटो परत देण्याविषयी. व्हॉट्सॲपवर पाठवणं सोपं, पण बऱ्याच वयस्कर माणसांकडे साधा फोन असतो, आणि नातवाच्या फोनमधला फोटो आठवड्यात शंभर 'गुड मॉर्निंग'खाली जातो. कागदावरचा फोटो द्या. ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे कुठल्याही फोनचा चालतो.

मात्र एक अडचण हमखास येते. फोनचा फोटो ४:३ असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३:२. मशीन कागद भरण्यासाठी फोटो कापतं, सुमारे ११ टक्के. आडव्या फोटोत वरून-खालून कापतं, म्हणजे फेट्याचा तुरा जातो. उभ्यात दोन्ही बाजूंनी कापतं, कोपरं जातात. म्हणून काढतानाच डोक्यावर मोकळी जागा सोडा, किंवा स्टुडिओत 'पांढरी कड ठेवून पूर्ण फोटो छापा' असं सांगा. दुसरं सांगायचं ते 'चेहरा उजळू नका'. बरेच स्टुडिओ सवयीने सगळ्यांना गोरं करतात. उन्हात राबलेल्या माणसाचा रंग त्याचाच राहू द्या.

पोचवायचं कसं? यार्डात अडत्याच्या पेढीवर, बाजारात शेजारच्या चहावाल्याकडे, वारीत दिंडीप्रमुखाकडे, ऊसतोडवाल्यांना हंगाम संपायच्या आत गाडीतळावरच. पाकिटावर नाव, गाव आणि एक ओळखीची खूण लिहा, कारण एका नावाचे चार जण निघतात. शक्य असेल तर स्वतः जा. पहिल्या भेटीत पंधरा मिनिटं बोललेला माणूस फोटो हातात आल्यावर घरी चला म्हणतो, आणि पहिल्या वेळी न सांगितलेलं सांगतो. या दुसऱ्या भेटीतले फोटो पहिल्यापेक्षा जवळजवळ नेहमीच चांगले येतात.

नवशिका

कागद ग्लॉसी घ्यायचा की मॅट? आणि लॅमिनेशन करून द्यावं का?

कृष्णाकाठ

मॅट. ग्लॉसीवर बोटांचे ठसे उठतात आणि पावसाळ्यात दोन ग्लॉसी फोटो एकमेकांना चिकटले की सोडवताना चेहरा निघून येतो. पत्र्याच्या किंवा कौलारू घरात भिंतीला ओल धरते, तिथे लॅमिनेशन हवंच. स्टुडिओतून आणल्यावर फोटो एक दिवस उघडा वाळू द्या, मगच लॅमिनेट करा, नाहीतर आत बुडबुडे येतात. चारी बाजूंनी ३-४ मिलिमीटर प्लास्टिक बाहेर राहू द्या. फोटोच्या कडेला लागून कापलंत तर पाणी आत शिरतं. तारीख आणि ठिकाण लॅमिनेशनच्या आधी मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनने दाबून लिहिलं तर पुढून खुणा दिसतात.